न्यू जर्सीत स्कूल बोर्डाला उभं राहायचंय? शिक्षकांनी आधी हे बघा

मे-जून आला की मराठी मंडळाच्या ग्रुपवर कुणीतरी विचारतंच, आमच्या ओळखीच्या टीचर आहेत, इतकी वर्षं शिकवलंय, आता स्कूल बोर्डाला उभं राहायचं म्हणतायत, काय काय करावं लागतं? दरवेळी तेच तेच टाईप करण्यापेक्षा एकदाच लिहून टाकतो. हे सगळं न्यू जर्सीपुरतं आहे हां, दुसऱ्या स्टेटमध्ये नियम वेगळे.

पहिली गोष्ट, आपण उभं राहू शकतो का ते बघा. अमेरिकन सिटिझन पाहिजे (ग्रीन कार्ड चालत नाही), त्या स्कूल डिस्ट्रिक्टमध्ये (म्हणजे एका बोर्डाखाली येणाऱ्या सरकारी शाळांचा भाग, आपल्याकडचा जिल्हा नव्हे) किमान एक वर्ष राहिलेलं पाहिजे आणि तिथेच मतदार म्हणून नाव पाहिजे. आणि शिक्षकांसाठी सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ज्या डिस्ट्रिक्टमध्ये नोकरी करता त्याच डिस्ट्रिक्टच्या बोर्डावर बसता येत नाही. शेजारच्या डिस्ट्रिक्टमध्ये शिकवत असाल तर हरकत नाही, पण तुम्ही युनियनचे मेंबर असाल किंवा नवरा-बायको, सून वगैरे तुमच्या बोर्डाच्या डिस्ट्रिक्टमध्ये कामाला असतील तर शिक्षकांच्या पगाराच्या वाटाघाटींच्या वेळी बाजूला व्हावं लागू शकतं. हे आधीच घरात बोलून घ्या. पगार शून्य, मीटिंगा मात्र रात्री अकरापर्यंत चालतात, तेही घरात सांगून ठेवा.

आता खरा मुद्दा. चांगल्या शिक्षकांची इथेच गल्लत होते, त्यांना वाटतं बोर्डावर गेलो की गणिताचं पुस्तक बदलू, अमक्या शाळेतली शिस्त सुधारू. अहो, बोर्ड शाळा चालवत नाही! शाळा चालवतात सुपरिंटेंडंट, म्हणजे डिस्ट्रिक्टमधल्या सगळ्या शाळांचे प्रमुख. बोर्ड सुपरिंटेंडंट नेमतं, दरवर्षी त्यांचं मूल्यमापन करतं, बजेट मंजूर करतं, पॉलिसी ठरवतं, युनियनशी करार करतं. आणि हे सगळं मीटिंगमध्ये मतदान करून, एकट्या मेंबरला काडीचाही अधिकार नाही. म्हणजे उद्या एखादी आई तुम्हाला किराणा दुकानात गाठून मुलाच्या टीचरची तक्रार करायला लागली तर तुमच्यातली टीचर लगेच जागी होणार, प्रिन्सिपलला फोन लावावासा वाटणार, आणि तोच लावायचा नाही. आधी टीचर, मग प्रिन्सिपल, मग सुपरिंटेंडंट, हा रस्ता त्या आईला नीट समजावून सांगायचा, बस. ज्यांना हे जमणार नाही त्यांनी पीटीओमध्ये (पालक-शिक्षक संघटनेत) काम करावं, तिथे मुलांसाठी जास्त करता येतं, असं माझं स्पष्ट मत.

तरीही उभं राहायचंच असेल तर उन्हाळ्याच्या आधीच्या दोन-चार मीटिंगांना जाऊन बसा. बजेट मार्च-एप्रिल-मेमध्ये होतं, तेव्हा गेलात तर उत्तमच. लोक माईकवर येऊन काय बोलतात ते वहीत लिहा. बहुतेक वेळा सिलॅबसबद्दल कोणी बोलतच नाही. बस, बजेट, स्पेशल एज्युकेशन, कुठल्या शाळेची हद्द कुठे, हेच विषय. बसचं उदाहरण घ्या, आठवीपर्यंतच्या मुलांना शाळेपासून २ मैलांपेक्षा लांब घर असेल आणि हायस्कूलला अडीच मैलांपेक्षा लांब असेल तरच डिस्ट्रिक्टला बस द्यावी लागते, त्याच्या आतली बस ही डिस्ट्रिक्टची मर्जी, त्यामुळे बजेट आटलं की पहिली कुऱ्हाड तिथेच पडते. हे तुम्हाला माहीत असेल तर दारावर तुमचं ऐकतात. तीस वर्षांचा अनुभव आहे एवढंच सांगत बसलात तर लोक "वा वा छान" म्हणतात आणि दार लावतात.

अर्ज. बहुतेक डिस्ट्रिक्टची निवडणूक आता नोव्हेंबरमध्ये असते (२०१२ च्या कायद्यानंतर बऱ्याच जणांनी एप्रिलवरून हलवली), त्यासाठी जुलैच्या शेवटच्या सोमवारी दुपारी ४ च्या आत काऊंटी क्लार्ककडे पिटिशन, म्हणजे मतदारांच्या सह्यांसकट उमेदवारी अर्ज, द्यायची. एक मिनिट उशीर झाला तरी संपलं. काही ठिकाणी अजून एप्रिलच आहे, उदाहरणार्थ नेवार्क, तिथे तर २०२५ पासून १६-१७ वर्षांची मुलंसुद्धा स्कूल बोर्डासाठी मत देतात. सह्या त्याच डिस्ट्रिक्टच्या नोंदलेल्या मतदारांच्याच हव्यात. क्लार्कच्या किटमध्ये (उमेदवारांसाठीच्या फॉर्म-सूचनांच्या संचात) त्या वर्षी जितक्या मागितल्यात त्याच्या दुप्पट गोळा करा, कारण आपल्याकडे उत्साहात सही करणारे निम्मे लोक एच-वन वर (कामाच्या व्हिसावर) असतात, म्हणजे मतदार नसतात.

आणि हाच हिशोब पुढे मतांना पण लागू. मंडळाच्या गणपतीला हजार माणसं आली म्हणून हजार मतं नाहीत! काऊंटीकडून मतदार यादी घ्या आणि नावं लावून बघा. जे नुकते सिटिझन झालेत त्यांची नोंदणी निवडणुकीच्या २१ दिवस आधीपर्यंत करून घ्या. बरं, गणपतीत स्टेजवरून प्रचार करू नका, मंडळ किंवा देऊळ ५०१(सी)(३), म्हणजे करमुक्त धर्मादाय संस्था, असेल तर त्यांना उमेदवाराला पाठिंबा देता येत नाही, उगाच त्यांना गोत्यात आणाल. प्रसादाच्या रांगेत उभं राहून गप्पा मारायला कोणाची ना नाही.

पोस्टाने मत देणाऱ्यांच्या मतपत्रिका निवडणुकीच्या ४५ दिवस आधीपासून जायला लागतात, म्हणजे नोव्हेंबरच्या निवडणुकीसाठी सप्टेंबरच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात. ऑक्टोबरमध्ये फ्लायर छापायला घेतलेत तर वरातीमागून घोडं.

निवडणुकीत पक्ष नसतो, नावासमोर फार तर तीन शब्दांची घोषणा टाकता येते. साधारण ९ जणांचं बोर्ड, दरवर्षी ३ जागा, मुदत ३ वर्षं. म्हणजे मतदाराला तीन मतं. बरेच जण तिघांची टीम करून लढतात, खर्च वाटला जातो, पण टीममधल्या एकाने फेसबुकवर काहीतरी बरळलं तर तिघंही बुडतात. एकटे लढत असाल तर आपल्या माणसांना सांगता येतं की फक्त मलाच मत द्या, बाकी दोन रिकामी सोडा. कायद्याने चालतं, मला स्वतःला मात्र फारसं पटत नाही.

दारोदार फिरणं टाळू नका. गोऱ्या आजोबांच्या दारात हमखास ऐकाल, "माझी मुलं कधीच शिकून गेली, मला काय त्याचं?" त्यांना शिक्षणाचं महत्त्व सांगत बसू नका. त्यांच्या प्रॉपर्टी टॅक्सचा साधारण निम्मा भाग शाळांना जातो आणि टॅक्सची वाढ २ टक्क्यांच्या मर्यादेत ठेवली तर नोव्हेंबरवाल्या डिस्ट्रिक्टमध्ये बजेटवर लोकांचं मतदानच होत नाही, म्हणजे त्यांच्या पैशावर नजर ठेवायला ही नऊ माणसंच. एवढं बोला, आजोबा दारातून बाहेर येतात. देशी घरात दिवाळीच्या सुट्टीचं विचारतील, तुमचं मत सांगा, पण तेवढ्यावरच कॅम्पेन उभं करू नका, बाकीचे लोक लगेच शिक्का मारतात.

पैसे थोडे लागले तरी निवडणूक खर्च आयोगाकडे, म्हणजे इलेककडे, कुठला फॉर्म भरावा लागेल का ते आधी विचारून घ्या, आणि प्रत्येक फ्लायरवर पैसे कोणी दिले ते छापावं लागतं. शाळेचा ईमेल, पालकांच्या याद्या, क्लासरूम यातलं काहीही प्रचाराला वापरायचं नाही.

निवडून आलात तर ३० दिवसांत फिंगरप्रिंट देऊन बॅकग्राऊंड चेक, जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात शपथ, मग ट्रेनिंग. पडलात तर रेझ्युमे तयार ठेवा. मधेच कोणी राजीनामा दिला तर उरलेलं बोर्ड ६५ दिवसांत ती जागा भरतं, अर्ज मागवून मुलाखती घेतल्या जातात, आणि तिथे मीटिंगांना नियमित येणारा, बजेट वाचलेला शिक्षक उठून दिसतो.