लूपमधला += आणि माझी वाया गेलेली दुपार

जावात दोन स्ट्रिंग (म्हणजे मजकुराचे तुकडे) जोडायला + पुरतो हे तुम्हाला माहीत आहे. मलाही माहीत होतं. तरी नोकरीच्या चौथ्या महिन्यात मी त्याच्यावरच आपटले.

काम साधं होतं. बिलांच्या नोंदी डेटाबेसमधून काढायच्या, स्वल्पविराम घालून एकेक ओळ करायची आणि सगळ्या ओळींची मिळून एक सीएसव्ही फाइल. लूपमध्ये, म्हणजे प्रत्येक नोंदीसाठी पुन्हा चालणाऱ्या भागात, मी लिहिलं: रिपोर्ट += ओळ, म्हणजे आतापर्यंतच्या रिपोर्टला ही ओळ जोड. १,००० नोंदींवर चालवून पाहिलं, चुटकीसरशी झालं. लाइव्हवर नोंदी निघाल्या १ लाख आणि आठ मिनिटं झाली तरी जॉब संपेना. मी डेटाबेसला शिव्या घातल्या, टेबलवर नवा इंडेक्स (शोध जलद करणारी सूची) टाकला, त्यात दुपार गेली. शेवटी जावाच्या जेस्टॅक या साधनाने थ्रेड डंप काढला, म्हणजे प्रोग्रॅम त्या क्षणी काय करतोय त्याची नोंद. तीनदा काढला, तिन्ही वेळा सगळ्यात वर तेच: अ‍ॅरेज डॉट कॉपीऑफरेंज. डेटाबेसचं काम कधीच आटोपलं होतं. माझा कोड नुसता कॉपी करत बसला होता.

जावातली स्ट्रिंग एकदा बनली की बदलत नाही, हे मुलाखतीत आपण सगळेच घडाघडा सांगतो. त्याचा अर्थ मला त्या दिवशी कळला. += जुन्या स्ट्रिंगला शेपूट जोडत नाही. तो नवी स्ट्रिंग बनवतो, जुनी सगळी अक्षरं तिच्यात उतरवतो आणि मग तुमची ओळ टाकतो. पुढच्या फेरीत पुन्हा पहिल्यापासून. ओळ ६० अक्षरांची धरा. १,००० ओळींना साधारण ३ कोटी अक्षरं उतरवावी लागतात, ते जाणवतही नाही. १ लाख ओळींना ३०,००० कोटी. नोंदी शंभरपट, काम दहा हजारपट! म्हणून हा घोटाळा टेस्टिंगमध्ये कधी सापडत नाही.

खरा राग मला एका सल्ल्याचा आहे. ‘अगं, कंपायलर आतून स्ट्रिंगबिल्डरच वापरतो, काळजी करू नकोस,’ असं टीममधले एक सीनियर म्हणाले होते. (स्ट्रिंगबिल्डर म्हणजे जागच्या जागी वाढवता येणारा मजकूर.) जावा ८ पर्यंत ते खरंही होतं, पण अर्धंच. कंपायलर लूपच्या प्रत्येक फेरीत नवा स्ट्रिंगबिल्डर बनवायचा, म्हणजे उतरवणं चालूच. जावा ९ मध्ये आतली पद्धत बदलली, लूपमधलं दुखणं तसंच राहिलं. सीनियरांचं ऐका, पण डंप स्वतः काढा. आणि एडिटर += खाली पिवळी रेघ मारत असेल तर ती वाचा; मी चार महिने वाचली नव्हती.

उपाय दोन-तीन ओळींचा. लूपच्या बाहेर एकच स्ट्रिंगबिल्डर, आत अपेंड (शेपटाला जोडणं), शेवटी एकदाच टूस्ट्रिंग (त्याची स्ट्रिंग करणं). मात्र अपेंडच्या कंसात पुन्हा + लावून तुकडे जोडू नका, तिथे उगाच एक तात्पुरती स्ट्रिंग बनते. शेवटचा जास्तीचा स्वल्पविराम सेटलेंथने, म्हणजे लांबी एकाने कमी करून, कापायचा जुगाडही मी केला होता. यादी रिकामी आली त्या दिवशी लांबी शून्यातून एक वजा झाली आणि एक्सेप्शन. जावा ८ पासून स्ट्रिंग डॉट जॉइन आहे, ते स्वल्पविराम फक्त तुकड्यांच्या मध्ये घालतं; ते वापरा.

आता हे वाचून जिथे तिथे स्ट्रिंगबिल्डर कोंबायला लागू नका. ‘नमस्कार ’ + नाव एवढंच असेल तर + उत्तम, वाचायलाही सोपा. दहा-वीस फेऱ्यांच्या लूपमध्येही काही बिघडत नाही. रिव्ह्यूमध्ये अशा ओळीवरून कुणी तुम्हाला झापलं तर निमूटपणे बदला आणि चहाला जा. हो, नाव नल (म्हणजे काहीच भरलेलं नाही) असेल तर ‘नमस्कार null’ छापलं जातं, तेवढं बघा. ग्राहक ते बरोब्बर वाचतो.

माझा जॉब त्या संध्याकाळी काही सेकंदांवर आला. दुपारी घाईघाईत टाकलेला तो इंडेक्स मात्र अजून तिथेच आहे. काढायला कुणाची हिंमत होत नाही, माझीसुद्धा.