एन्झाइम सुरू करण्यापूर्वी स्वमग्न मुलाच्या पोटाची तक्रार कशी तपासावी

बोलता न येणारे चार वर्षांचे मूल खुर्चीच्या हातावर पोट दाबून पालथे पडून राहते, मध्यरात्री किंचाळत उठते किंवा जेवताना स्वतःचाच हात चावते, तेव्हा हे सारे ऑटिझममुळेच (स्वमग्नतेमुळेच) होते असे गृहीत धरू नका. स्वमग्न मुलांमध्ये बद्धकोष्ठता, जुलाब, पोटदुखी आणि छातीत आम्ल वर येणे या तक्रारी इतर मुलांपेक्षा अधिक आढळतात, आणि कुठे दुखते हे सांगता न आल्याने ते दुखणे वागण्यातून बाहेर पडते.

एन्झाइमची, म्हणजे अन्न पचवणाऱ्या पाचक द्रव्यांची, बाटली आणण्याआधी निदान दोन आठवडे एक वही ठेवा. मुलाने काय आणि केव्हा खाल्ले, शौचाला केव्हा झाली, झोप कशी लागली आणि चिडचिड नेमकी कोणत्या वेळी झाली, हे रोज लिहा. शौचाचे स्वरूप नोंदवण्यासाठी सात प्रकारांचा ब्रिस्टल तक्ता सोयीचा आहे. त्यातील पहिले दोन प्रकार बद्धकोष्ठता दाखवतात. येथे एक फसगत हमखास होते: आतड्यात कडक मळ साठून राहिला की त्याच्या कडेने पातळ मळ झिरपतो, चड्डी वारंवार खराब होते, आणि घरचे त्याला जुलाब समजून नेमका उलटा उपचार करतात.

ही वही घेऊन बालरोगतज्ज्ञांकडे जा. शौचातून रक्त, हिरवी उलटी, फुगलेले पोट किंवा घटणारे वजन दिसल्यास मात्र वही पुरी होण्याची वाट पाहू नका. सीलिअॅक आजाराची (गव्हासारख्या धान्यांतील ग्लुटेन या प्रथिनामुळे आतड्याला इजा होते, तो आजार) शंका असेल तर रक्ततपासणी होईपर्यंत ग्लुटेन बंद करू नये, अन्यथा अहवाल खोटा दिलासा देऊ शकतो.

एन्झाइमचा खरा उपयोग कमतरता सिद्ध झाल्यावर होतो. दुधातील साखर पचत नसेल तर ती पचवणारे लॅक्टेज, आणि स्वादुपिंड पुरेसे पाचकरस तयार करत नसेल तर डॉक्टरांनी ठरवलेली स्वादुपिंडाची एन्झाइम दिली जातात. स्वादुपिंडाच्या या कमतरतेचा अंदाज मळातील इलॅस्टेज या स्वादुपिंडाच्या एन्झाइमच्या तपासणीवरून येतो. ऑटिझमसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या मिश्रणांचा पुरावा तोकडा आहे. 2010 साली प्रसिद्ध झालेल्या 43 मुलांच्या सहा महिन्यांच्या चाचणीत वागणूक, पोटाच्या तक्रारी आणि झोप यांत अर्थपूर्ण फरक आढळला नाही. 2015 सालच्या 101 मुलांच्या चाचणीत सुधारणा नोंदली गेली. एवढ्या आधारावर मी तरी कोणत्याही पालकाला मोठी आशा दाखवणार नाही.

डॉक्टरांनी एन्झाइम सुचवलेच, तर ते जेवणाच्या सुरुवातीलाच द्यावे. गरम पदार्थात मिसळू नये, कारण उष्णतेने एन्झाइम निकामी होते. कॅप्सूल गिळता येत नसेल तर ती उघडून दाणे थंड, मऊ घासावर टाकता येतील का, हे औषध देणाऱ्यास विचारा. दाणे चावले किंवा तोंडात राहिले तर तोंड सोलवटते, म्हणून घासानंतर पाणी पाजून गालांच्या आत नजर टाका. स्वादुपिंडाच्या एन्झाइमची मात्रा मनाने वाढवू नका. दिवसाला वजनाच्या प्रत्येक किलोमागे 10,000 लायपेज (चरबी पचवणारे एन्झाइम) युनिटची मर्यादा ओलांडू नये असे सांगितले जाते, कारण फार मोठ्या मात्रेमुळे मोठे आतडे आकुंचित झाल्याची उदाहरणे आहेत. त्याच काळात आहार, दुसरे औषध किंवा झोपेची वेळ बदलू नका, आणि डॉक्टरांनी दिलेल्या मुदतीत वहीतील नोंदी बदलल्या नाहीत तर एन्झाइम थांबवण्याबद्दल त्यांच्याशी बोला.