नाताळच्या जेवणावर वाचायचा घरचा गमतीदार अहवाल: कसा लिहायचा, कसा वाचायचा

डिसेंबर लागला की आपल्याकडे येशूजन्माचा गोठा, स्टार, करंज्या, कलकल, इंद्याळासाठी (मांसाचा आंबट-तिखट रस्सा) मसाला, सगळ्याची यादी होते. पण वर्षभर घरात जे झालं, ज्यावर आपण पोट धरून हसलो, ते कोणी लिहून ठेवत नाही आणि दोन वर्षांत ते कोणाला आठवतही नाही. आमच्याकडे वसईला आता दर नाताळला जेवण झाल्यावर वर्षाचा अहवाल वाचला जातो आणि मला मनापासून वाटतं की प्रत्येक घरात तो वाचला जावा, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

मुळात ही पद्धत इंग्लंड-अमेरिकेतली. छापील नाताळ कार्ड १८४३ला लंडनमध्ये हेन्री कोल ह्यांनी काढलं, चित्र जॉन हॉर्सली ह्यांचं, आणि पुढे कॉपी काढायची मशीनं सगळीकडे आली तशी कार्डासोबत घरच्या वर्षभराच्या बातम्यांचं एकच पत्र सगळ्या नातेवाइकांना पाठवायची रीत तिकडे पसरली. त्या पत्रांचं नाव खराब झालं ते एकाच कारणाने, बढाया. मुलगा पहिला आला, नवी गाडी घेतली, स्वित्झर्लंडला जाऊन आलो, असं पानभर. वाचणाऱ्याला ना हसू येतं ना आनंद होतो. म्हणून पहिला नियम हाच की अहवालात बढाई नको. आनंदाची मोठी बातमी असेल तर ती एका वाक्यात सांगायची आणि तिच्या आजूबाजूला जो गोंधळ झाला तो सविस्तर लिहायचा. लेकीला नोकरी लागली हे सगळ्यांना माहीतच असतं, पण इंटरव्ह्यूच्या दिवशी तिने घाईत आजीची चप्पल घालून विरार लोकल पकडली होती हे टोरांटोच्या मावशीला कुठे माहीत असतं?

आता सामान गोळा करायचं. डिसेंबरच्या २० तारखेला वही घेऊन बसलात तर फक्त ऑक्टोबर-नोव्हेंबर आठवणार. त्यापेक्षा आगमनकाळाचा, म्हणजे चर्चमधल्या नाताळच्या तयारीच्या दिवसांचा, पहिला रविवार धरा, तो ३० नोव्हेंबरच्या आसपास येतो, तिथून नाताळपर्यंत चार रविवार मिळतात आणि तेवढे पुरतात. पहिल्या रविवारी फक्त गोळा करा, लिहू नका.

सगळ्यात मोठी खाण म्हणजे फॅमिली ग्रुप. व्हॉट्सॲपवर ग्रुप उघडा, वरचे तीन टिंब, मग मोअर, मग एक्स्पोर्ट चॅट, विदाउट मीडिया निवडा आणि ती फाइल स्वतःला मेल करा. त्यात ‘हाहा’, ‘अरे देवा’, ‘कोणी केलं’, ‘चावी’, ‘पाणी गेलं’, ‘टँकर’ असे शब्द शोधा, अर्ध्या तासात निम्मा अहवाल हाती येतो. मग फोनमधले फोटो महिन्याप्रमाणे बघा, चांगले नाही, हललेले आणि चुकून काढलेले बघा, कारण गोष्ट त्यांच्यात असते. यूपीआयची हिस्टरी पण उघडा, एकाच वडापावच्या गाडीवर वर्षभरात किती वेळा पैसे गेले ते दिसतं आणि ‘मी बाहेरचं खात नाही’ म्हणणारा माणूस पुराव्यासकट सापडतो. आणि पुढच्या वर्षासाठी आत्ताच सवय लावून घ्या, ग्रुपवर कोणी काही भन्नाट बोललं की त्या मेसेजवर बोट दाबून धरायचं आणि स्टार करायचं, डिसेंबरमध्ये स्टार केलेले सगळे मेसेज एका जागी तयार मिळतात.

ज्यांच्याकडे फोन नाही किंवा जे ग्रुपवर बोलत नाहीत त्यांच्यापाशी जाऊन बसा. आजीला ‘यंदा काय गंमत झाली’ असं विचारलं तर ती ‘काय नाय गो’ म्हणणार. तिला ‘यंदा कोणी तुला सगळ्यात जास्त वैताग आणला’ असं विचारा आणि मग रेकॉर्डर चालू ठेवा.

दुसऱ्या रविवारी निवड. ह्यात मी फार कडक आहे. वजन, रंग, मार्क, लग्न कधी, मूल कधी, नोकरी गेली, कर्ज झालं, ह्यावर एकही ओळ नको, कितीही गमतीदार वाटली तरी नको. ह्या गोष्टींवर माणूस चारचौघांत हसतो आणि रात्री झोपत नाही. कसोटी सोपी आहे, तो किस्सा त्या माणसाने स्वतः कधी हसत हसत सांगितलाय का? सांगितला असेल तर घ्या. नसेल तर आधी त्याला एकट्याला वाचून दाखवा, आणि तो जरा जरी थांबून ‘ठीक आहे’ म्हणाला तरी काढून टाका. मुलांनाही विचारा हं, बारा-तेरा वर्षांच्या पोराला मामा-काकांसमोर लाज वाटणं हे आपल्याला वाटतं त्याहून खूप मोठं असतं. जावई-सुना नव्या असतील तर पहिल्या वर्षी त्यांच्यावर विनोद नकोच, त्यांची नोंद मात्र हवी. नाव आलं नाही तर माणूस परका राहतो.

प्रत्येकाची निदान एक गोष्ट हवी, हे पण इथेच तपासा. घरातल्या माणसांची नावं कागदाच्या कडेला लिहा आणि किस्सा मिळाला की टिक करा. दरवेळी एक-दोन शांत माणसं राहून जातात, आणि खरं सांगू का, त्यांच्या गोष्टी सगळ्यात चांगल्या निघतात, फक्त त्या शोधायला लागतात.

तिसऱ्या रविवारी लिहायचं. लोक इथे अडतात कारण ते विनोद करायला बसतात. विनोद करायला बसू नका, नेमकं लिहा. महिना, वस्तू, बोललेलं वाक्य जसंच्या तसं, एवढं पकडलं की हसू आपोआप येतं. म्हणजे ‘पप्पांनी यंदा घराची बरीच कामं केली’ हे मेलेलं वाक्य झालं. हे बघा:

‘पप्पांनी मार्चमध्ये जाहीर केलं की बाथरूमचा नळ ते स्वतः दुरुस्त करणार. एप्रिलमध्ये पान्हा आणला. मे महिन्यात दुसरा पान्हा आणला कारण पहिला मोठा होता. जूनमध्ये पाऊस लागला आणि पप्पा म्हणाले, आता पाण्याला काय तोटा. नळ अजून गळतोय, पान्हे मात्र उत्तम स्थितीत आहेत.’

ह्यात एकही विशेषण पप्पांबद्दल नाही, कोणी त्यांना आळशी म्हटलेलं नाही, आणि तरी पप्पा सगळ्यात मोठ्याने हसतात. किंवा कुवेतच्या काकांचं: ‘काकांशी यंदा दर रविवारी व्हिडिओ कॉल झाला. त्यांचं कपाळ आणि खोलीतला पंखा आता आम्हाला तोंडपाठ आहे. पूर्ण चेहरा ईस्टरला एकदा दिसला, तेव्हा मम्मीने स्क्रीनशॉट काढून ठेवला.’ असं चार-पाच ओळींत एक माणूस संपवायचा आणि पुढे जायचं.

भाषा घरचीच ठेवा. तुम्ही घरात कुपारी किंवा वाडवळी अशा वसईकडच्या बोलीत बोलत असाल तर बोललेली वाक्यं तशीच्या तशी घ्या, शुद्ध मराठीत आणायला गेलात की आजीचं वाक्य आजीचं राहत नाही. टाइप करायचा कंटाळा येत असेल तर फोनमधल्या गूगलच्या कीबोर्डवर, जीबोर्डवर, मराठी व्हॉइस टायपिंग आहे, किस्सा बोलून टाका आणि मग दुरुस्त करा, बोललेलं असल्यामुळे वाचतानाही ते छान लागतं.

रचना कशीही चालेल, महिन्यांप्रमाणे, माणसांप्रमाणे, किंवा पुरस्कारांसारखी. मला पुरस्कार आवडतात कारण मुलं त्यात लगेच घुसतात. ‘चावी घरात ठेवून दार ओढून घेण्याचा जीवनगौरव पुरस्कार’, ‘पाच मिनिटांत निघतो असं सर्वाधिक वेळा म्हणाल्याबद्दल’, ‘उत्कृष्ट सहाय्यक अभिनेता: चर्चमध्ये मिस्सेत झोपून प्रार्थनेत असल्यासारखं दिसल्याबद्दल’. पण नुसत्या पुरस्कारांची यादी पटकन संपते आणि गोष्ट राहून जाते, म्हणून मध्ये एखादा मोठा किस्सा नीट खुलवून सांगाच. पाऊस, पाणी भरणं, लाईट जाणं, बंद पडलेली स्कूटर, सुकेळ्यांसाठी केळी वाळत घातली आणि खारींनी नेली, आपल्याकडे ह्याला तोटा नाही. लांबी ए-फोरचं एक पान, फार तर दीड. वाचायला सहा-सात मिनिटं. त्यापेक्षा जास्त झालं की लहान मुलं उठतात आणि मोठे पेंगतात, जेवण जड असतं.

आता ज्या वर्षी घरात कोणी गेलेलं असतं त्या वर्षाचं काय? ह्याबद्दल लोक मला हमखास विचारतात. मी म्हणते अहवाल बंद करू नका, पण ज्याचं दुःख सगळ्यात मोठं आहे त्या माणसाला आधी विचारा. ती मावशी किंवा ते काका नको म्हणाले तर एक ओळ, त्यांचं नाव, आणि थोडं थांबून पुढे. हो म्हणाले तर गेलेल्या माणसाचा असा एक किस्सा घ्या ज्यावर ते स्वतः खळखळून हसायचे, आणि तो मध्यभागी ठेवा, शेवटी नको, म्हणजे पुढच्या गोष्टींनी सगळे परत हसते होतात. वाईट वर्षाबद्दल बोललं म्हणून सणाला गालबोट लागत नाही. १९९२ला इंग्लंडच्या राणीने, मुलांचे संसार मोडले, विंडसरच्या राजवाड्याला आग लागली, त्यानंतर चार दिवसांनी भर समारंभात सांगितलं होतं की हे वर्ष भयंकर गेलं, आणि लोकांना तेच भाषण लक्षात राहिलं. आजारपणाचंही तसंच, आजारी माणूस स्वतः हॉस्पिटलच्या गमती सांगत असेल तर त्याच्याच तोंडून त्या घ्या, दुसऱ्या कोणी त्यावर विनोद करू नये.

चौथ्या रविवारी एकदा मोठ्याने वाचून बघा. जिथे तुमचीच जीभ अडखळते ते वाक्य तोडा. मग १६च्या अक्षरात प्रिंट काढा, झेरॉक्सच्या दुकानात होतं, कारण फोनवरून वाचताना मध्येच कोणाचा तरी कॉल येतो आणि ज्येष्ठांना पान हातात हवं असतं.

वाचायची वेळ महत्त्वाची. २४च्या रात्री मिस्सेच्या आधी नको, तेव्हा निम्मं घर इस्त्री करत असतं आणि निम्मं चर्चच्या क्वायरमध्ये गायला गेलेलं असतं. २५ला दुपारी जेवण झालं, फुगे (तळलेले पिठाचे गोळे) आणि इंद्याळ पोटात गेलं, वाईनचा छोटा ग्लास हातात आहे, ती वेळ. बाहेरची माणसं कॉलवर हवी असतील तर घड्याळ आधी बघा, आपले दुपारचे दोन म्हणजे कुवेतला साडेअकरा, मेलबर्नला संध्याकाळचे साडेसात, पण टोरांटोला पहाटेचे साडेतीन. कॅनडावाले असतील तर संध्याकाळी साडेसातला ठेवा, त्यांचे सकाळचे नऊ होतात. कोणालाच जमलं नाही तर वाचन रेकॉर्ड करून पाठवा, नुसता पीडीएफ नको, मागचं हसणं ऐकू आलं पाहिजे.

वाचणारा माणूस लिहिणाराच हवा असं अजिबात नाही. ज्याला न हसता वाचता येतं त्याला द्या. आणि ज्याच्यावर किस्सा आहे त्याला लगेच ‘खुलासा’ करायची मुभा द्या, एक मिनिट, कारण खरी धमाल तिथे होते. पप्पा पान्ह्याचा खुलासा करायला उभे राहिले की लिहिलेलं सगळं फिकं पडतं.

मुलांसाठी एक जोड आहे. मुंबई-वसईच्या ख्रिस्ती वस्त्यांत आणि गोव्यात ३१ डिसेंबरच्या रात्री जुन्या कपड्यांत पेंढा भरून केलेला म्हातारा जाळतात, जुनं वर्ष म्हणून. अहवाल झाला की सगळ्यांना एकेक चिठ्ठी द्या, ह्या वर्षातली कुठली गोष्ट पुढच्या वर्षी नको ते लिहायला सांगा, आणि त्या चिठ्ठ्या म्हाताऱ्याच्या खिशात घाला. पोरं ‘गणिताची ट्यूशन’ लिहितात, आजी ‘गुडघा’ लिहिते. चिठ्ठ्या कोणी वाचायच्या नाहीत हे आधीच ठरवून घ्या, मग मोठी माणसंही खरं लिहितात.

अहवालाच्या पानावर वर्ष आणि लिहिणाऱ्याचं नाव घाला, हजर असलेल्या सगळ्यांच्या मागच्या बाजूला सह्या घ्या, लहानग्यांचा अंगठा चालेल, आणि एक प्रत लग्नाच्या अल्बमसोबत कपाटात ठेवा, कारण फोन बदलतात आणि ड्राइव्हचे पासवर्ड हरवतात. पुढच्या वर्षी कोण लिहिणार ते त्याच टेबलावर, सगळे बसलेले असतानाच ठरवा. शक्यतो दर वर्षी वेगळा माणूस, चौदा-पंधरा वर्षांच्या पोरांनाही द्या, ती फार नेमकं बघतात. ज्याच्यावर पाळी आलीय त्याने १ जानेवारीपासून मेसेज स्टार करायला लागायचं.