अपडेटनंतर प्रोसेसर तापतोय? आधी लोड बघा, मग तापमान

सिस्टीम अपडेट झाली आणि पंखा घोंघावायला लागला, की बरेच जण लगेच अपडेट काढून टाकायच्या मागे लागतात. एवढी घाई करू नका. मोठ्या अपडेटनंतर मशीन बरंच काम आतल्या आत करत असतं. फायलींची शोधसूची नव्याने बनते, अँटीव्हायरसचं स्कॅन होतं, जुन्या सिस्टीम फायली साफ होतात. मॅकवर फोटोंची छाननीही चालते. चार्जर लावून मशीन चालू ठेवा आणि एक-दोन दिवस हे सगळं उरकू द्या.

तरीही तापत असेल तर सगळे प्रोग्राम बंद करा, दहा मिनिटं मशीनला हात लावू नका आणि मग लोड (प्रोसेसरवर किती काम पडलंय ते) व तापमान दोन्ही एकदम बघा. विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबलं की टास्क मॅनेजर उघडतो. मॅकवर ॲक्टिव्हिटी मॉनिटर आहे. टास्क मॅनेजर प्रोसेसरचं तापमान दाखवत नाही, त्यासाठी एचडब्ल्यूइन्फोसारखं मोफत सॉफ्टवेअर लागतं. पुढचा सगळा तपास या दोन आकड्यांवर ठरतो.

लोड जास्त असेल तर सीपीयूच्या, म्हणजे प्रोसेसरच्या, रकान्यावर क्लिक करून यादी लावा. सतत वर राहणारा प्रोग्राम सापडला, की तो अपडेट करा किंवा काढून पुन्हा टाका. मॅकवर 'कर्नल टास्क' वर दिसला तर त्याच्या मागे लागू नका. मशीन तापल्यावर तो इतर प्रोग्रामना प्रोसेसर कमी मिळावा म्हणून स्वतः जागा अडवतो. तापण्याचं कारण दुसरीकडेच असतं.

फक्त व्हिडिओ बघतानाच तापतं का? मग ग्राफिक्स ड्रायव्हरवर, म्हणजे ग्राफिक्स चिप चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, संशय घ्या. व्हिडिओ चालू ठेवून टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स भागात जीपीयूवर (ग्राफिक्स चिपवर) जा. 'व्हिडिओ डिकोड'चा, म्हणजे व्हिडिओ उलगडण्याच्या कामाचा, आलेख शून्यावरच पडून असेल, तर ते काम बहुधा प्रोसेसरच्या गळ्यात पडलंय. कंपनीच्या साइटवरून योग्य ड्रायव्हर टाका.

लोड नगण्य आणि तरीही गरम, हे जास्त चिवट प्रकरण. पॉवर मोड 'बेस्ट परफॉर्मन्स'वर गेलाय का बघा, असेल तर 'बॅलन्स्ड' करा. पॉवर प्लॅनमध्ये 'मिनिमम प्रोसेसर स्टेट' १०० टक्के असेल तर तेही खाली आणा. लॅपटॉप कंपनीचं पंखा सांभाळणारं सॉफ्टवेअर अपडेट करा. विंडोज अपडेटमधून कधीकधी बायोस (मशीन सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर) हेही बदलतं आणि तुम्ही केलेली पंख्याची सेटिंग्ज पुसली जातात. बायोसमध्ये जाऊन ती तपासा. जाळीत धूळ साचली असेल तर अपडेटचा दोष नाही, मशीन बंद करून ती साफ करा.

जड काम करताना आकडा ९० अंशांच्या वर गेला, एवढ्यावरून घाबरू नका. इंटेलच्या अनेक लॅपटॉप प्रोसेसरची मर्यादा १०० अंश असते, आणि रायझन ७००० मालिकेतले अनेक डेस्कटॉप प्रोसेसर ९५ अंशांपर्यंत चालतील असेच बनवलेत. रिकाम्या मशीनचं तापमान पूर्वीपेक्षा किती चढलंय, याला माझ्या मते जास्त महत्त्व द्यावं.

अपडेट मागे घेणं अगदी शेवटी, कारण त्यातल्या सुरक्षेच्या दुरुस्त्याही जातात. विंडोजच्या मोठ्या अपडेटनंतर सेटिंग्ज, सिस्टीम, रिकव्हरी इथे 'गो बॅक' हा पर्याय साधारणपणे १० दिवसच असतो, तेव्हा वरचा तपास त्या मुदतीत संपवा. मॅकवर जुन्या आवृत्तीवर जायला बहुधा डिस्क पुसावी लागते, म्हणून आधी बॅकअप घ्या.