ओले शेण पाण्यात नको: पाऊस ओसरतानाचा लिव्हर फ्लूकचा सल्ला

पाऊस ओसरला की गोव्यात पेडणे, डिचोली, सत्तरीतले गोठेवाले सरद म्हणजे पावसाळी भाताच्या कापणीला जुंपलेले असतात. गोठ्याकडे लक्ष कमी, आणि नेमके याच दिवसांत मळ्यातले पाणी उथळ आणि कोमट होऊन गोगलगायी वाढतात. म्हैस आजारी दिसते ती मात्र जानेवारीच्या पुढे: दूध आटते, पापण्यांची आतली बाजू पांढरी पडते, जबड्याखाली पाणी भरल्यासारखी सूज येते. तोवर पेंडेला आणि नजरेला दोष देऊन झालेला असतो.

खरे कारण लिव्हर फ्लूक, म्हणजे यकृतात राहणारा चपटा जंत, आणि त्याचे मूळ वहाळात आहे. गोठा धुतला की शेणकाला उताराने थेट वहाळात किंवा तळीत जातो. इतकी जनावरे खंगताना पाहिली, बहुतेक ठिकाणी हेच दिसले.

शेणातली या जंताची अंडी कोमट पाण्यात दोन-तीन आठवड्यांत फुटतात. बाहेर आलेल्या पिल्लाला साधारण दिवसभरात गोगलगाय सापडली नाही तर ते मरते. सापडली, तर आतल्या आत त्याची शेकडो पिल्ले होतात. काही आठवड्यांनी ती बाहेर पडून पाण्यालगतच्या गवतावर कवच धरून बसतात आणि गवताबरोबर पोटात जातात.

या गोगलगायी म्हणजे आपण खातो ते कोंगे नव्हेत. कोंग्याच्या तोंडाला झाकण असते, हिला नसते. लहान, पातळ शंखाची, पाटाच्या कडेला चिखलावर दिसते. दुसरी चकतीसारखी गुंडाळलेली असते. तिच्यातून पोटातले चपटे जंत पसरतात, आणि गुरांच्या रक्तवाहिन्यांत राहणारे रक्तजंतही. लावणीत पाय खाजतात, त्यामागे कधी कधी या रक्तजंतांची पिल्ले असतात. गमबूट घाला.

सगळ्याच गोगलगायी जंत वाढवत नाहीत. काहींच्या रक्तपेशी शिरलेल्या पिल्लाला वेढून मारतात. पण तुमच्या पाटातली कुठली, हे डोळ्यांनी कळत नाही. म्हणून शेण अडवणे हाच धडाचा उपाय: गोठ्याचे पाणी खड्ड्यात घ्या, शेणाची रास वहाळापासून दूर, उंचवट्यावर, झाकून ठेवा. आत तापली की अंडी मरतात. गोबर गॅस असेल तर उत्तम. वायंगणाच्या, म्हणजे उन्हाळी भाताच्या, चिखलात ताजे शेण टाकू नका.

दुकानदार या दिवसांत लिव्हर टॉनिक आणि आयव्हरमेक्टिन या जंतांच्या औषधाची बाटली पुढे करतो. आयव्हरमेक्टिन लिव्हर फ्लूकवर चालत नाही. टॉनिकने जंत मरत नाहीत. मोरचूद पाण्यात टाकायला सांगणाराही भेटेल; गोगलगायीबरोबर मासेही मरतील.

औषध पशुवैद्यांच्या सल्ल्याने, वजन पाहून:
- ऑक्सिक्लोझानाइड: 10 ते 15 मिग्रॅ प्रति किलो, तोंडाने
- पोटातल्या चपट्या जंतांसाठी तेच 18.7 मिग्रॅ, तीन दिवसांनी पुन्हा
- ट्रायक्लाबेंडाझोल: 12 मिग्रॅ प्रति किलो, कोवळ्या जंतांवरही, दुभत्या जनावराला नको
- अल्बेंडाझोल: 10 मिग्रॅ, फक्त प्रौढ जंतांवर, नुकत्याच गाभण राहिलेल्या जनावराला नको
- दूध किती दिवस विकायचे नाही, ते आधी विचारा

चारा:
- पाण्यालगतचे गवत कापताना तळचा भाग सोडा
- पेंढा उन्हात कडक वाळवूनच उडवी रचा
- कापणीनंतर ओल्या मळ्यात गुरे सोडू नका
- पाणी विहिरीचे, टाकीतून

मेरेवर बदके सोडली की गोगलगायी कमी दिसतात, असा माझा अंदाज. मोजमाप केलेले नाही. इंडोनेशियात मात्र बदकांच्या एका जंताचा याच कामासाठी वापर करून पाहिला आहे. त्याची पिल्ले गोगलगायीत शिरली की लिव्हर फ्लूकची पिल्ले तिथे टिकत नाहीत. तरी बदके आणली म्हणून शेणाचा पाट उघडा ठेवायची मुभा मिळत नाही.

शेण तपासायला सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात न्याल, तेव्हा एक ध्यानात ठेवा. पोटात गेलेला जंत अंडी घालण्याइतका वाढायला साधारण तीन महिने लागतात. ऑक्टोबरात तपासणी कोरी आली तरी जानेवारीत दुसरा नमुना न्या, आणि त्याच वेळी संपूर्ण गोठ्याचा न्या, फक्त खंगलेल्या म्हशीचा नव्हे.