"एकाच बोटीत भागेल का?" : वासोट्याला, तापोळ्याला जाताना या चुका टाळा

थंडी पडायला लागली की वासोटा किल्ल्यासाठी फोन सुरू होतात. पलीकडून ठरलेला प्रश्न येतो, "दादा, आम्ही बावीसजण आहोत, एकाच बोटीत भागेल का?" गडावर पाणी आहे का, गवे दिसतात का, बूट कुठले घालू, हे सगळं नंतर. बामणोलीच्या धक्क्याहून गडाच्या पायथ्याच्या मेट इंदवलीपर्यंतचा साधारण दीड तास आपण शिवसागराच्या, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयाच्या, खोल पाण्यावर असतो, त्याबद्दल मात्र एवढा एकच प्रश्न. तोही पैशांचा.

मी बरीच वर्षं गट घेऊन जातोय. माझ्या हातूनही यातल्या दोन-तीन चुका झाल्यात, म्हणून लिहितोय.

भाडं बोटीचं असतं, म्हणून माणसं कोंबायची

बामणोलीला भाडं माणसामागे नाही, बोटीमागे ठरतं. म्हणजे जितकी डोकी जास्त तितकी वर्गणी कमी. जादा माणसं भरण्याचं मूळ इथं आहे, आणि ते बोटवाल्याच्या आधी आपल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सुरू होतं. एका बोटवाल्या मामांना मी विचारलं होतं, तुम्ही नाही का म्हणत नाही? ते म्हणाले, "मी नाही म्हटलं तर तुमचीच पोरं मला म्हणतात, मामा, दोनच तर जास्त हायत. बारा पोरं एका बाजूला आन् मी एकटा."

"दोनच तर जास्त" म्हणजे काय ते पाण्याच्या बाजूनं बघा. पाण्याच्या रेषेपासून बोटीच्या काठापर्यंत जी वीतभर-हातभर उंची उरते, तिच्यावर सगळा खेळ आहे. माणूस पंच्याहत्तर किलोचा धरला, वर सॅक, तंबू, पाण्याचे कॅन, की दोन जादा माणसांचे दोनशे किलो होतात. काठ खाली बसतो. मग शेजारून दुसरी बोट जोरात गेली की तिची लाट आत येते. आत आलेलं पाणी एका जागी थांबत नाही. बोट ज्या बाजूला कलेल त्या बाजूला धावतं आणि तिला आणखी कलवतं. त्यात कुणीतरी ओरडतो, "ते बघ, ते बघ!" आणि सगळे मोबाइल घेऊन एकाच बाजूला उभे राहतात.

8 ऑगस्ट 2019 ला आपल्या सांगली जिल्ह्यात, पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला पुरात बोट उलटून 17 जण गेले. ती सुटकेची बोट होती. गावाला पाण्यानं वेढलेलं, मागं राहायला कुणी तयार नाही, त्या गर्दीला नावं ठेवायची माझी हिंमत नाही. पण सहलीच्या बोटीला ती सबब लागू होत नाही. केरळमध्ये तानूरला 7 मे 2023 ला 22 जण, वडोदऱ्याच्या हरणी तलावात 18 जानेवारी 2024 ला 12 शाळकरी मुलं आणि 2 शिक्षिका. दोन्ही बोटी फिरायला निघालेल्या होत्या आणि दोन्हींत क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती.

तेव्हा फोनवरच विचारा, बोट किती माणसांची? मांडीवरचं पोर हे एक माणूस धरा. धक्क्यावर सगळे बसले की चालकाला दोन मिनिटं थांबवा आणि काठ पाण्यापासून किती वर आहे ते डोळ्यांनी बघा. मी सरळ हात लावून बघतो. लोक हसतात, हसू देत.

"परवानगी आहे" यावर विश्वास ठेवायचा

कसली परवानगी, हा पुढचा प्रश्न कुणी विचारत नाही. पाणी जलसंपदा विभागाचं. पलीकडचा किनारा कोयना अभयारण्याचा, म्हणजे वन विभागाचा. वासोट्याला त्यांचीच नोंद आणि शुल्क असतं. राफ्टिंग, कयाकिंगसारखं काही चालवायचं तर राज्याच्या 2021 च्या साहसी पर्यटन धोरणाप्रमाणे पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी लागते. आणि बोट? तिचं वेगळंच आहे. इंजिनवर चालणाऱ्या बोटीला अंतर्देशीय जलयान अधिनियम, 2021 लागू होतो. त्यानं 1917 चा जुना कायदा मोडीत काढला. त्याप्रमाणे बोटीची नोंदणी हवी, बोट तपासून दिलेलं सर्वेक्षण प्रमाणपत्र हवं, विमा हवा आणि चालवणारा पात्र हवा. आपल्या राज्यात बोटींचं हे काम महाराष्ट्र सागरी मंडळ बघतं. नाव 'सागरी' असलं तरी धरणांतल्या बोटीही त्यांच्याकडेच येतात, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.

म्हणजे वन विभागाची पावती हातात आहे, याचा अर्थ बोट तपासलेली आहे असा होत नाही. त्या पावतीवर तुम्हाला जंगलात जायला मिळतं, एवढंच. हा घोळ शिकलेली माणसंही करतात.

कागद बघायचे म्हणजे पोलिसी खाक्यानं नाही. "दादा, पासिंग कधीचं आहे?" असं गाडीसारखं विचारलं की समोरचाही नीट सांगतो. बोटीवर नोंदणी क्रमांक रंगवलेला आहे का आणि किती माणसांना मुभा आहे हे दिसतंय का, एवढं बघायला कुणाची परवानगी लागत नाही. वल्ह्याच्या साध्या होड्यांचं प्रकरण वेगळं, त्यांच्याकडे बघायचं काम कायद्यानं स्थानिक संस्थांवर येतं. महाबळेश्वरला वेण्णा तलावावरचं बोटिंग तर नगरपालिकाच चालवते.

जॅकेट "आहेत" आणि जॅकेट "घातलेत" यातला फरक

एकदा आमच्या बोटीत मोजून लाइफ जॅकेटं होती. सगळी बाकाखाली. कुणी पळवू नये म्हणून एकाच नायलॉनच्या दोरीत हातांच्या भोकांतून ओवून, बाकाच्या पायाला गाठ मारून ठेवलेली. ती गाठ सोडायला मला चार मिनिटं लागली. तेव्हा हात कोरडे होते, बोट धक्क्याला होती आणि कुणी किंचाळत नव्हतं.

सुटल्यावरची गंमत पुढेच. तिघांच्या चेन अडकलेल्या. दोन जॅकेटांचे बकल तुटलेले, तिथं सुतळी. एकाचा फोम दाबला तर आत चुरा झालेला हाताला लागत होता. असं जॅकेट पाण्यात उलट ओझं होतं. मी पाच बदलून मागितली, मिळाली तीन. मग दोघं मागच्या बोटीनं आले. कुरबूर झाली, अर्धा तास गेला.

जॅकेट कसं बघायचं ते एकदा शिकून घ्या, जन्मभर पुरतं. घालून सगळे पट्टे आवळा. मग शेजाऱ्याला सांगा, खांद्यांना धरून वर उचल. जॅकेट कानांपर्यंत सरकलं की ते सैल आहे. पाण्यात ते वर तरंगेल आणि तुम्ही खाली निसटाल. लहान मुलाला मोठ्याचं जॅकेट घालणं ही तर हमखास दिसणारी चूक. पोर त्यातून खालच्या खाली सटकतं. मुलांचं जॅकेट वजनावर असतं आणि त्याला पायांमधून येणारा पट्टा हवा. तसं नसेल तर त्या बोटीत पोराला घेऊन बसू नका.

"मला पोहता येतं" म्हणणाऱ्यांसाठी एकच. विहिरीत सूर मारणं वेगळं आणि बूट, जीन्स, थंडीच्या जॅकेटसकट, धक्का बसलेल्या अवस्थेत गार पाण्यात पडणं वेगळं. आणि उकडतंय म्हणून मधे जॅकेट काढून त्यावर बसू नका. ती उशी नाही.

इंजिनाकडे न बघणं, परतीला उशीर करणं

मागे लावलेल्या आउटबोर्ड इंजिनाला एक लाल गुंडाळी दोरी असते. तिचं एक टोक इंजिनाच्या बटणात, दुसरं चालकाच्या मनगटाला. चालक पडला की दोरी निसटते आणि इंजिन बंद होतं. नाहीतर बोट गोल फिरून, पंखा फिरता ठेवून, पडलेल्या माणसावरच येते. बहुतेक वेळा ही दोरी इंजिनालाच गुंडाळून ठेवलेली दिसते. "दादा, ती हाताला लावा ना" एवढं म्हणायला काही लाजायचं कारण नाही.

वल्हं आहे का तेही बघा. माझी चूक इथली. गडावरून उतरायला उशीर झाला, ऊन कललं आणि मध्यावर इंजिन गप्प झालं. पंख्यात जुन्या जाळ्याचा तुकडा अडकला होता. वल्हं नव्हतं, मोबाइलला रेंज नव्हती आणि वारा आम्हाला तिरकं ढकलत होता. आम्ही बाकाची फळी काढून वल्हवलं, एकजण स्टीलच्या ताटलीनं. शेवटी दुसऱ्या बोटीनं ओढून नेलं. त्या दिवसापासून मी परतीची वेळ चढण्याआधी सांगतो आणि ती टळली तर गड अर्ध्यातून सोडतो.

दुपारनंतर वारा उठतो हे तिथल्या कुणालाही विचारा. उन्हाळ्याच्या शेवटी वळवाचं वादळ त्याहून वाईट. उजनी धरणात 21 मे 2024 ला कुगावहून कळाशीकडे निघालेली बोट अशाच वाऱ्यात उलटली, 6 जण बुडाले. शिवाय एप्रिल-मेमध्ये शिवसागराचं पाणी उतरतं, तेव्हा जुनी खोडं आणि गाळ वर येतो. ओळखीची वाट तेव्हा ओळखीची राहत नाही.

धरणातली सवय नदीत वापरणं

कुंडलिका नदीवर कोलाडला राफ्टिंग करून आलेली मंडळी परत आल्यावर कृष्णा-कोयनेत ट्यूब नाहीतर रबरी बोट टाकायच्या गोष्टी करतात. कोलाडचं पाणी भिऱ्याच्या वीजगृहातून ठराविक वेळी सुटतं. मार्गदर्शकाला ते कधी येणार, किती येणार आणि कुठला खडक कुठं आहे हे पाठ असतं. हेल्मेट असतं, सोबतीला सुटकेची कयाक असते. आपल्या नदीत यातलं काय आहे?

आपल्या नदीत बंधारे आहेत. पुराच्या आधी बर्गे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, काढलेला कोल्हापूर पद्धतीचा बंधारा वरच्या बाजूनं बोटीतून दिसतच नाही. समोर नुसती पाण्याची सरळ रेघ दिसते. खाली मात्र कोसळलेलं पाणी पायथ्याशी उलटं फिरतं. पुलावर उभं राहून कधी बघा, वरून आलेला ओंडका तिथंच तासन्‌तास गरागरा फिरत राहतो, पुढे जातच नाही. माणसाचं तेच होतं. त्या फेसाळ पाण्यात हवा इतकी मिसळलेली असते की चांगलं जॅकेटही पुरं उचलत नाही. सांगलीत होड्यांच्या शर्यती खेळणारी पोरं पाण्यात वाढलेली असतात, तीही बंधाऱ्यापासून लांब राहतात.

शिवाय कोयना धरणाच्या पायथा वीजगृहातून 2100 क्युसेक, म्हणजे सेकंदाला 2100 घनफूट पाणी, सुटलं तरी खाली फरक कळतो. सहा वक्र दरवाजे उघडले तर विचारूच नका. नदीकाठच्या गावांना इशारा दिलेला असतो, तो सहलीला आलेल्यांपर्यंत पोचत नाही. कऱ्हाडला प्रीतिसंगमावर पाणी संथ दिसलं, म्हणून पुढेही तसंच असेल असं धरू नका.

घडलंच तर

बोट कलली तर उभं राहू नका, बूड टेकवून खाली बसा. उलटली तर बोट सोडून किनाऱ्याकडे पोहायला निघू नका. किनारा दिसतो त्याहून लांब असतो आणि उलटी बोट बहुतेक वेळा तरंगत राहते. तिला धरून रहा, शोधणाऱ्यालाही तीच आधी दिसते. वाहत्या पाण्यात पडलात तर पाठीवर, पाय प्रवाहाच्या दिशेनं, अंगठे पाण्याबाहेर. कंबरभर पाणी लागलं म्हणून उभं राहायचा मोह आवरा. दगडांच्या फटीत पाय अडकला की प्रवाह माणसाला तोंडावर पाडून दाबून धरतो.

कुणी पडलं तर आधी इंजिन पूर्ण बंद. मग वल्हं, दोरी, सुटं जॅकेट, कॅन, जे हाताला येईल ते त्याच्याकडे टाका. मागोमाग उडी मारू नका. वर घेताना बाकीचे उलट्या बाजूला बसून राहतील एवढं बघा, नाहीतर सगळेच त्याच्याकडे धावतात आणि बोट जाते. किनारी रेंज मिळाली की 112, नाहीतर जिल्हा आपत्ती कक्षाचा 1077.

तक्रार करायची तर तारीख, वेळ, धक्का आणि बोटीचा क्रमांक लिहून ठेवा आणि तहसीलदारांकडे किंवा जिल्हाधिकारी कार्यालयातल्या आपत्ती व्यवस्थापनाकडे लेखी द्या. पोहोच घ्या. फोटो काढलात तर चालकाच्या तोंडाचा नको. क्रमांकाचा काढा, आणि काठ पाण्याला किती टेकलाय त्याचा.