देशोदेशींचे बँक नियम एका तक्त्यात मांडताय? या चुका टाळा

जागतिक बँकेच्या बँक नियमन सर्वेक्षणाची फाइल आज चिपळुणात किंवा सावंतवाडीत बसूनही उतरवून घेता येते. त्यातली उत्तरं त्या त्या देशाच्या नियामकांनीच दिलेली आहेत. पण ती तशीच शेजारी शेजारी ठेवली की प्रकल्प फसतो.

नुसत्या ‘हो’वर थांबणं. ठेव विमा, म्हणजे बँक बुडाली तर ठेवीदाराला ठराविक रकमेपर्यंत भरपाई, आहे का? भारताचं उत्तर ‘हो’. सहकारी बँका त्यात येतात, पतसंस्था मात्र येत नाहीत. कोकणात कितीतरी घरांची पुंजी पतसंस्थेत असते, म्हणून ‘नियम कुणाला लागू’ हा रकाना हवाच. विम्याची मर्यादा भारतात ४ फेब्रुवारी २०२० पासून ५ लाख रुपये, अमेरिकेत अडीच लाख डॉलर. डॉलरचे रुपये करून फारसं कळत नाही. मर्यादा दरडोई उत्पन्नाच्या किती पट, ते काढा.

रिकाम्या जागी शून्य. न्यूझीलंडमध्ये कायमस्वरूपी ठेव विमा १ जुलै २०२५ ला आला. त्याआधीच्या वर्षांचं ‘नाही’ हे खरं उत्तर आहे. ज्या देशाने प्रश्नच सोडला, त्याचा रकाना रिकामा ठेवा. तिथे शून्य भरलंत, तर त्या देशावर विनाकारण ढिलाईचा शिक्का बसतो.

थकीत कर्जाची एकच व्याख्या धरणं. सर्वात जास्त गोंधळ इथे होतो, म्हणून इथे वेळ द्या. भारतात ३१ मार्च २००४ पासून ९० दिवसांचा निकष लागू झाला, म्हणजे हप्ता किंवा व्याज ९० दिवसांहून जास्त थकलं की कर्ज थकीत; त्याआधी तो १८० दिवसांचा होता. त्या वर्षी आकडा हलला तर आधी निकष बघा, मग कर्जदारांकडे वळा. शिवाय पीककर्जाला हे ९० दिवस लागूच नाहीत. तिथे हंगाम मोजतात: अल्प मुदतीच्या पिकाला दोन, दीर्घ मुदतीच्या पिकाला एक. हापूसच्या बागायतदाराच्या हाती पैसा येतो तो उन्हाळ्यात, त्यामुळे ही सवलत रास्तच आहे. पण तुमच्या तक्त्यात तिची टीप नसेल, तर भारताचा आकडा दुसऱ्या देशाशी जुळणार नाही.

टक्केवारीवरून कडकपणा ठरवणं. बासेल या आंतरराष्ट्रीय बँक निकषांत बँकेचं किमान भांडवल जोखमीनुसार मोजलेल्या कर्जांच्या ८ टक्के, रिझर्व्ह बँकेच्या नियमांत ९. भांडवलात काय धरलं आणि कोणत्या कर्जाला किती जोखीमभार (धोक्यानुसार दिलेलं वजन) दिला, हे पाहिल्याशिवाय निष्कर्ष काढू नका.

फेऱ्या सरसकट जोडणं. सर्वेक्षणाच्या फेऱ्यांत प्रश्नांचे क्रमांक आणि शब्द बदलले आहेत. दोन्ही प्रश्नावल्या समोर ठेवून प्रश्न जुळवा आणि नियम जाहीर झाल्याची नव्हे, लागू झाल्याची तारीख नोंदवा.